बोटाखालची पाटी

इतिहासाच्या अभ्यासकांना शिरूर तालुक्यातलं केंदूर हे गाव माहीत आहे ते एका ताम्रपटामुळे. बदामीच्या चालुक्य घराण्यातला राजा दुसरा कीर्तिवर्मा याचं शके ६७२ चं, म्हणजे इसवी सन ७५० चं दानपत्र या गावात मिळालं. पुराभिलेखांच्या पुस्तकांत ते गावाच्याच नावाने, ‘केंदूर ताम्रपट’ म्हणून ओळखलं जातं. संत कान्हूराज महाराज पाठकांच्या या गावी दर्शनाला येणाऱ्या वारकऱ्याच्या कानावर ही गोष्ट कदाचित गेलीही नसेल.

शाई पुसते, पान कुजतं, तांबं मात्र टिकतं. म्हणून दिलेलं दान तांब्यावर कोरायचं. पण त्या पत्र्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं तर काय कळेल? खरखर लागेल, अक्षर लागणार नाही. खोदलेलं अक्षर डोळ्यासाठी असतं. खाचेत सावली पडते आणि ते दिसतं. बोटाचं पोट मऊ आणि रुंद, ते बारीक खाचेत उतरतच नाही. बोटाला वर आलेली कड लागते, आत गेलेली लागत नाही. एवढी साधी गोष्ट न कळल्यामुळे पितळेच्या पाटीवर सुबक अक्षरं कोरून घेऊन ‘आमच्याकडे अंधांसाठीही पाटी आहे’ असं समाधान मानणाऱ्या इमारती आजही उभ्या राहतात. स्पर्शाने वाचायचं अक्षर उठावाचंच लागतं.

शिरूर तालुक्यात आज पाट्यांना तोटा नाही. रांजणगावची औद्योगिक वसाहत, सणसवाडीचे कारखाने, शिक्रापूरपाशी पुणे–अहिल्यानगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढलेली व्यापारी संकुलं. खाली गाळे, वर पतसंस्था, त्याच्या वर दवाखाना, लॅब, विम्याचं ऑफिस. केंदूर-पाबळचा माणूस कामासाठी याच इमारतींत जातो. आणि त्यात न दिसणारा, कमी दिसणारा, चाकाच्या खुर्चीवरचा, ऐकू न येणारा, लिहिता-वाचता न येणारा असे सगळे असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ते तेव्हाच्या मोजक्या प्रकारांप्रमाणे. मोतीबिंदू झालेली आजी आणि मधुमेहाने नजर अंधुक झालेले आजोबा त्यात कितपत आले असतील, शंकाच आहे.

आता या संकुलांत पाटी कशी असावी, हे बोटापासूनच पाहू.

लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा लहानपणीच अंध झाला. त्याच्या हाती आधी आली ती शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी माणसाची टिंबांची लिपी. तिच्यात एका चिन्हाला १२ टिंबांपर्यंत जागा लागे. एवढं मोठं चिन्ह बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसे, बोट वर-खाली करावं लागे. ब्रेलने ती जागा निम्मी केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन, अशी सहा टिंबं. १८२९ साली त्याने आपली पद्धत छापली. सहा टिंबांचं ते घर बोटाच्या पोटाखाली बरोबर बसतं आणि ब्रेलचं सगळं यश त्या मापात आहे. दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर, उंची अर्धा मिलिमीटरच्या आसपास.

त्यामुळे ब्रेल मोठं करता येत नाही. आपल्या पाटीवाल्यांना ही गोष्ट पटवणं फार अवघड. मोठं म्हणजे चांगलं, हा धंद्याचा नियम. म्हणून कुठेतरी शेंगदाण्याएवढी टिंबं दिसतात, ती पाहणाऱ्याला आवडतात, वाचणाऱ्याला नुसती टेकाडं लागतात. कुठे ब्रेल सपाट छापलेलं असतं, कुठे काचेच्या आत. आणि जिथे सगळं ठीक असतं तिथे दिवाळीआधी रंगारी येतो आणि ऑइल पेंटचे दोन हात मारून टिंबं बुजवून जातो.

मराठी ब्रेलची आणखी एक गंमत आहे. भारतातल्या भाषांसाठी १९५१ साली एकच ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली. लिपी कोणतीही असो, एका ध्वनीला एकच चिन्ह. मराठीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ बोटाला सारखाच लागतो. आपल्या देवनागरीत मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी लोंबतो, पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधीच येते. बोट एका रेषेत चालतं, त्याला हा वर-खालचा पसारा चालत नाही. म्हणून भारती ब्रेलमध्ये मात्रा अक्षरानंतर, स्वतंत्र घरात, उच्चाराच्या क्रमाने येते. ‘पाबळ’ची तीन अक्षरं चार घरं घेतात, ‘शिरूर’ची तीन पाच घेतात आणि ‘केंदूर’ची तीन चक्क सहा. पाटीची रुंदी ठरवताना हे मोजलं नाही तर शेवटचं घर कापलं जातं, आणि केंदूरचं ‘केंदू’ होतं.

‘पण हे वाचणार कोण?’ हा प्रश्न हमखास येतो. मराठी ब्रेलमध्ये ‘स्पर्शज्ञान’ नावाचं पाक्षिक १५ फेब्रुवारी २००८ ला स्वागत थोरात यांनी सुरू केलं. वाचणारे नसते तर वर्तमानपत्र काढायचं कुणासाठी? हेही खरं की दृष्टी गेलेल्या प्रत्येकाला ब्रेल येत नाही. उतारवयात डोळे गेलेला माणूस सहसा ते शिकत नाही, आणि मधुमेह डोळ्यांसोबत बोटांची संवेदनाही कमी करतो. म्हणून चांगल्या स्पर्शपाटीवर वर मोठं उठावाचं अक्षर किंवा आकडा असतो आणि खाली ब्रेल. ज्याने एकेकाळी डोळ्याने अक्षरं वाचली आहेत तो उठावाचा ‘३’ चाचपून ओळखतो. देवनागरी अक्षरांच्या उठावात शिरोरेखा मात्र घोळ करते. सगळी अक्षरं एका दांडीला टांगलेली, त्यामुळे एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे बोटाला लवकर कळत नाही. माझं मत असं की मराठी पाटीत उठाव आकड्यांना आणि चिन्हांना द्यावा, लांब शब्द ब्रेलवर सोपवावेत.

ब्रेल आपल्या खेड्यात कुणी पाहिलंय, असंही विचारतात. ज्याने मतदान केलंय त्याने पाहिलंय. मतदान यंत्राच्या निळ्या बटणांशेजारी १ ते १६ आकडे ब्रेलमध्ये असतात. म्हणजे निवडणूक आली की ब्रेल शाळेच्या खोलीपर्यंत येतं आणि मतदान संपलं की पेटीत बंद होऊन परत जातं. खिशातली ५०० ची नोट काढा, तिच्यावर उठावाचं वर्तुळ आहे आणि कडांना पाच-पाच तिरक्या रेघा. १०० च्या नोटेवर त्रिकोण आणि चार-चार रेघा. बटणांच्या फोनवर किंवा एटीएमवर ५ च्या बटणावर एक टिंब असतं, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. नोटेला, यंत्राला, फोनला जे जमलं ते इमारतीच्या भिंतीला अजून जमायचंय.

भिंतीचं खरं दुखणं पाटी कशी आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे आहे. ज्याला दिसत नाही त्याला पाटी तिथे आहे हे तरी कसं कळावं? दोनशे फुटांची भिंत तो चाचपत बसणार का? यावर उपाय एकच, जागा ठरलेली हवी. दाराच्या ज्या बाजूला मूठ असते त्या बाजूच्या भिंतीवर, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दाराशी त्याच उंचीवर. अमेरिकेतल्या नियमांत हा पट्टा जमिनीपासून ४८ ते ६० इंचांचा आहे. मुठीची बाजूच का? मूठ शोधायला हात तिकडे जातोच. शिवाय बिजागरीच्या बाजूला किंवा दारावरच पाटी असेल तर वाचत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आतून कुणीतरी दार ढकलतो. आपल्याकडे पाटी दाराच्या चौकटीवर, तोरणाच्या जागी लावायची सवय. तिथे बोट पोचत नाही आणि चाकाच्या खुर्चीवरून मान मोडते.

खुर्चीचा विषय निघालाच आहे. निळ्या चौकोनातली ती पांढरी खुर्ची सगळ्यांना ठाऊक असते. १९६८ साली स्वीडनमधल्या एका कार्यशाळेत सुझान कोफूड या डॅनिश विद्यार्थिनीने ती काढली. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती, माणसाला डोकं नव्हतं. पुढच्या वर्षी समितीच्या कार्ल मोंतान यांनी वर एक गोळा जोडला आणि खुर्चीचा माणूस झाला. आपल्याकडच्या काही इमारतींत हे चिन्ह जसं लावलेलं दिसतं त्यावरून डोकं जोडण्याचं काम अजून बाकी आहे असं वाटतं.

महामार्गालगतच्या एका संकुलात मी हे चिन्ह तीन ठिकाणी पाहिलं. एक मागच्या बाजूच्या रॅम्पवर, अगदी चढाच्या तोंडाशी. दुसरं एका स्वच्छतागृहाच्या दारावर. दाराला कुलूप, आत फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या. तिसरं लिफ्टमध्ये आतून. समोरच्या मुख्य दाराला सात पायऱ्या, आणि तिथे मात्र काहीही नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस त्या सात पायऱ्यांशी येऊन थांबणार, वॉचमनला हाक मारणार, वॉचमन दुसऱ्या वॉचमनला विचारणार. रॅम्प मागे आहे, हे त्याला सांगणारी पाटी रॅम्पवर होती! जो रॅम्पपाशी पोचला त्याला पाटीची गरजच काय? पाटी हवी असते जिथे माणूस चुकतो तिथे. पायऱ्यांच्या सुरुवातीला बाणासह, मग कोपऱ्यावर, मग रॅम्पशी, मग लिफ्टशी. मधला एक दुवा तुटला की बाकीच्या सगळ्या पाट्या फुकट. आणि कुलूपबंद दारावरची खुर्ची ही तर पाटी नव्हेच, थाप आहे.

कमी दिसणाऱ्यांची संख्या पूर्ण अंधांपेक्षा कितीतरी मोठी. त्यांच्यासाठी ब्रेल नव्हे, अक्षराचा आकार, रंगातला फरक आणि चकाकी महत्त्वाची. भारतातल्या मार्गदर्शक सूचनांत अंतराप्रमाणे अक्षराची उंची दिलेली असते, साधारण ६ मीटरवरून वाचायचं तर २० मिलिमीटर, १५ मीटरवरून ५० मिलिमीटर. मराठीत हे माप मधल्या अक्षराचं धरावं, वेलांटी-उकारासकट नव्हे. नाहीतर मापात बसवलेला ‘की’ प्रत्यक्षात बारीकच निघतो. गडदवर फिकं किंवा फिक्यावर गडद, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. लाल-हिरव्याची जोडी टाळावी, कारण रंगांधळ्या माणसाला नेमके हेच दोन रंग सारखे दिसतात. चकचकीत स्टीलवर चंदेरी अक्षरं ऑफिसांना फार आवडतात. ट्यूबलाइटच्या उजेडात ती डोळस माणसालाही मान तिरकी करून वाचावी लागतात.

आणि आपला फ्लेक्स! वर अकरा चेहरे, मध्ये सोनेरी अक्षरांना लाल सावली, त्याला पांढरी किनार, मागे ढग. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक एका बारीक गाठीचा असतो, ती गाठ या सजावटीत पहिली बुडते. मराठी पाटीला साधा, मोकळा, जाड ठसा हवा. जुने पेंटर ब्रशने काढत ते अक्षर या कसोटीला आजच्या पुष्कळ फॉन्टपेक्षा बरं उतरतं.

ज्याला ऐकू येत नाही त्याला पाटी दिसते, म्हणून त्याचा विचारच होत नाही. पण बँकेत टोकनचा नंबर पुकारला जातो, दवाखान्यात नाव पुकारलं जातं, आगीचा भोंगा वाजतो. पुकारलेलं सगळं कुठेतरी लिहूनही दिसायला हवं, आणि भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा हवा. एवढंच, पण जीव वाचवणारं.

वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र. या बाबतीत आपला देश खरं तर जगाच्या पुढे होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी प्रत्येक पक्षाला चित्र दिलं गेलं, आणि खेड्यापाड्यांतल्या माणसाने ते न चुकता ओळखलं. मेक्सिको शहराची भुयारी रेल्वे १९६९ साली सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या आरेखनकाराने हाच विचार केला आणि प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं. रांजणगावच्या वसाहतीत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार मराठी वाचू शकत नाही. ज्या चित्राने मतिमंद मुलाला स्वच्छतागृह सापडतं त्याच चित्राने त्यालाही सापडतं.

पायाखालची पाटी राहिलीच. रेल्वेच्या फलाटावर आणि शहरातल्या फुटपाथवर पिवळ्या उठावदार फरश्या असतात. सेइइची मियाके या जपानी माणसाने त्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल टिंबं म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. गवंड्याला हा फरक कुणी सांगितलेला नसतो. तो नक्षी जमेल तशी बसवतो, आणि रेघांची वाट थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, इथे २१ झाले. ‘सार्वजनिक इमारत’ या शब्दात लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही येते, हा त्यातला आपल्या विषयाचा गाभा. म्हणजे पतसंस्थेचा मालक ‘आमची इमारत खासगी’ म्हणून सुटू शकत नाही. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेची मानकं न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, तेव्हा मुदत कधीच संपली. पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मूळ दुखण्यावरच बोट ठेवलं. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणतो आणि त्याखालचा नियम नुसत्या शिफारशींकडे बोट दाखवतो, हे चालणार नाही, म्हणून सक्तीची मानकं वेगळी काढा, असा तो निकाल होता.

याच काळात महाराष्ट्रात पाट्यांवरून मोठी लढाई झाली, ती मात्र वेगळी. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावा असं बजावलं. मोर्चे निघाले, काचा फुटल्या, पाट्या बदलल्या. ते योग्यच झालं. पण मराठी पाटी मराठी माणसासाठी असेल तर न दिसणारा मराठी माणूस त्यात कुठे बसतो, हे त्या धुमश्चक्रीत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

खर्चाचं कारण सांगू नये. दाराशेजारची एक स्पर्शपाटी म्हणजे वीतभर ॲक्रिलिक. त्यात बारीक भोकं पाडून छोटे गोळे ठोकून बसवले की ब्रेल तयार होतं. यंत्रही लांब नाही. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेर जगात ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब निघाल्या, त्यांतली एक २००२ साली याच आश्रमात निघाली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू तिथल्या तिथे कापून, कोरून देणारी कार्यशाळा. शिवाय ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे माणसांच्या थेट मदतीचे आहेत, ते पाट्यांकडे वळवा असं मी म्हणणार नाही. पण ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या दाराशी एक पाटी लागली तर गावातल्या पतसंस्थेला आणि सोसायटीला नमुना तरी मिळेल.

सुरुवात गावाच्या नावापासून करता येईल. ब्रेलच्या घरात डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ अशी टिंबं मोजतात. पाटीवाल्याला ही चिठ्ठी द्या: ‘क’ला १ आणि ३, एकाराच्या मात्रेला १ आणि ५, अनुस्वाराला ५ आणि ६, ‘द’ला १, ४, ५, दीर्घ उकाराला १, २, ५, ६, आणि ‘र’ला १, २, ३, ५. झालं केंदूर. फक्त भिंतीवर ठोकण्याआधी ती पाटी ब्रेल वाचणाऱ्या कुणाच्या तरी बोटाखालून एकदा जाऊ द्या.